कॅसरोल म्हणजे चपात्यांचा डबा नव्हे!

आमच्या घरी रात्रीचं जेवण चार बॅचमध्ये होतं. पहिली बॅच आठ वाजता. नाना, म्हणजे माझे वडील. आठ म्हणजे आठ, बातम्या सुरू झाल्या की ताट समोर पाहिजे. दुसरी बॅच साडेआठची. चिरंजीव, वय वर्षं सात, एक डोळा वरणभातावर आणि दुसरा कार्टूनवर. तिसरी साडेनऊची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेला नवरा, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं कुणाशीही बोलण्याच्या मूडमध्ये नसलेला. आणि चौथी बॅच सव्वादहाची. स्थळ : ओटा. आसन : उभं. ती मी.

हसू नका. तुमच्याकडे तीन बॅच असतील किंवा दोन, पण असतील. आमचा क्लायंट इंग्लंडमधला, म्हणून माझी शिफ्ट दुपारी साडेबाराची. सकाळी घरात असते तेव्हा बाकीचे घाईत, आणि रात्री मी येते तेव्हा बाकीचे जांभया देत असतात. स्वयंपाकाच्या मावशी संध्याकाळी सहाला येतात, भाजी-आमटी करतात, चपात्या कॅसरोलमध्ये भरून ठेवतात आणि जातात. मग ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने वाढून घ्यायचं. एकदम सोयीस्कर सिस्टीम. इतकी सोयीस्कर की एका घरात चार माणसं राहतात आणि आठवडाभर कुणी कुणाला जेवताना बघत नाही.

रविवारी तरी एकत्र जेवत असाल, असं तुम्ही म्हणाल. हो, जेवतो ना. म्हणजे ते तिघं जेवतात, आणि मी तव्यापाशी उभी राहून गरम चपात्या वाढते. टेबलाकडे पाठ करून.

आता नानांविषयी. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना सांगलीहून पुण्याला घेऊन आले. नाना पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, स्वभावाने कडक आणि हिशोबाला पक्के. ‘लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?’ हे पहिले सहा महिने दर आठवड्याला ऐकायला मिळायचं. मग ते बंद झालं. आम्हाला वाटलं, रुळले. खरं तर हळूहळू त्यांनी सगळंच कमी केलं होतं. बोलणं कमी, फिरणं कमी, खाणं तर फारच कमी.

आणि खाणं कमी होणं ही नानांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. सांगलीत दर रविवारी सकाळी सातला हा माणूस पिशवी घेऊन मटण आणायला स्वतः जायचा. कुठला तुकडा घ्यायचा यावर खाटकाशी हुज्जत घालायचा आणि घरी येऊन आईला स्वयंपाकघराबाहेर काढायचा. रस्सा त्यांचाच. त्या दिवशी चटणी किती घालायची हे विचारायचीही कुणाला परवानगी नसायची. (सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला लाल मसाला. पुणेकरांनी नोंद घ्यावी.) असे नाना आमच्याकडे रविवारी चिकन केलं की नुसता रस्सा आणि भात घ्यायचे. ‘फोडी नकोत मला.’ का? ‘सोडलं मी आता. वय झालं.’ रात्री तर दुधात भाकरी कुस्करली की झालं जेवण.

आई गेल्यामुळे असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. अशा वेळी दुःख हे फार सोयीचं कारण असतं, पुढे काही विचारावं लागत नाही. डॉक्टरांकडे नेलं, रक्त-लघवी सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. ‘वजन कमी होतंय, प्रोटीन वाढवा’ म्हणाले. मी प्रोटीन पावडरचा डबा आणला. नानांनी वास घेऊन तो चिरंजीवांच्या कपाटात ठेवून दिला.

मग जूनमध्ये एकदा त्यांची पँट धुवायला टाकताना पट्टा काढला. पट्ट्याला दोन नवी भोकं होती. दुकानातून पाडून आणलेली नव्हेत, खिळा आणि हातोडी घेऊन घरीच पाडलेली, वेडीवाकडी. कधी पाडली, कुणाला पत्ता नाही. तो पट्टा हातात घेऊन मी बराच वेळ बाथरूमच्या दारात उभी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात कॅसरोल कुठून आलं? तर ते माळ्यावर होतं. म्हणजे ज्यात ते शिजतं ते भांडं.

काही वर्षांपूर्वी मी कंपनीतर्फे चौदा महिने इंग्लंडमध्ये होते, लीड्सला. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि चार वाजता आपल्याला वाटतं की रात्रीचे नऊ वाजले. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. रविवारी सकाळी त्या एका मोठ्या लंबगोल भांड्यात गाजरं, बटाटे, कांदे, वर कोंबडीच्या तंगड्या आणि थोडंसं पाणी घालून, झाकण लावून विजेचं बटण दाबायच्या. की चालल्या चर्चला. तिथून पार्कात, तिथून मैत्रिणीकडे. संध्याकाळी जिना चढताना सगळ्या बिल्डिंगमध्ये वास. एकदा मी तापाने झोपले होते तेव्हा त्यांनी वर आणून दिलं. दाटसर रस, मऊसूत बटाटा आणि चमचा लावताच हाडावरून सुटणारं चिकन. तिखट नाही, फोडणी नाही, तरी पोटात गेल्यावर असं वाटलं की कुणीतरी पांघरूण घातलं. मी म्हटलं, केवढा खटाटोप केलात! त्या म्हणाल्या, मी काहीच नाही केलं, भांड्याने केलं, मी दिवसभर बसून होते.

मी लगेच ते भांडं विकत घेतलं. स्लो कुकर. साडेतीन लिटरचा. भारतात येताना सामानात साड्यांच्या मध्ये गुंडाळून आणला. इंग्लंडचा आणि आपला व्होल्टेज सारखाच, २३० व्होल्ट, त्यामुळे वायरमनकडून फक्त पिन बदलून घेतली. (अमेरिकेहून आणणार असाल तर थांबा. तिथे १२० व्होल्ट चालतात. ते भांडं इथे थेट प्लगला लावलंत तर पहिल्याच दिवशी त्याचे दिवस भरतील.)

पण पुण्यात आल्यावर माझी आणि स्लो कुकरची काही पत्रिका जुळली नाही. पहिल्या वेळी मी बोनलेस ब्रेस्ट पीस घातले आणि नऊ तास ठेवले. जे बाहेर आलं त्याला नवऱ्याने ‘चिकनचा शिरा’ असं नाव दिलं. दुसऱ्या वेळी नेमका गुरुवार होता. मी ऑफिसमध्ये आणि घरी दुपारीच लाईट गेलेली. रात्री आले तर भांडं कोमट, घड्याळ लुकलुकतंय, आणि चिकन किती वेळ अर्धकच्चं पडून होतं कुणालाच माहीत नाही. सगळं फेकलं. तिसरी वेळ आली नाही. स्लो कुकर माळ्यावर गेला, जिथे आमच्या घरातले सगळे फंडे जातात. शेजारी व्यायामाची सायकल आहे.

तर पट्ट्याची ती दोन भोकं बघितल्यावर मला लीड्सचं ते चिकन आठवलं. का ते सांगता येत नाही. बहुधा आजारपणात खाल्लेलं अन्न आपण विसरत नाही म्हणून असेल. बुधवारी मला वर्क फ्रॉम होम असतं. म्हटलं, चला, एकदा होऊनच जाऊ दे.

‘आज रात्री चिकन कॅसरोल आहे, नाना,’ मी सांगितलं.

नानांनी पेपरातून मान वर केली. ‘कॅसरोल? चपात्यांच्या डब्यात कोंबडी घालणार तू?’

चूक त्यांची नाही. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे तो प्लॅस्टिकचा गरम राहणारा डबा, लग्नात हमखास पाच येतात तो. मुळात हा फ्रेंच शब्द, आणि त्याचा अर्थ भांडं. पुढे त्या भांड्यात झाकण घालून सावकाश शिजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं. हॉटेलात आपण ‘एक चिकन हंडी’ म्हणतो, तेव्हा हंडी थोडीच खातो? तसंच हे.

‘किती वेळ लागतो?’

‘सहा तास.’

‘सा तास? आगं, तीन शिट्ट्यांचं काम!’

मग मी त्यांना या भांड्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक संशोधक होता, त्याचे आईवडील लिथुआनियाकडचे ज्यू. ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि मग शनिवारी रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही, असा धर्मनियम. त्याच्या आईने त्याला सांगितलेलं, की तिच्या गावी बायका शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, बटाटे आणि मांस घातलेली भांडी बेकरीवाल्याकडे नेऊन ठेवायच्या. भट्टी विझत जायची आणि त्या उरलेल्या उबेत रात्रभर शिजायचं. शनिवारी घरी गरम जेवण, आणि कुणी विस्तवाला हात लावलेला नाही. मुलाने विचार केला, हेच विजेवर केलं तर? भांड्याभोवती तारेचं वेटोळं बसवलं आणि १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं, आणि ऑफिसला जायला लागलेल्या बायकांनी ते उचलून धरलं.

नाना ऐकत होते. म्हणाले, ‘म्हणजे आपला वैल.’

ज्यांनी चूल बघितलेली नाही त्यांच्यासाठी : चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी दुसरं एक तोंड असतं. त्याला स्वतःचा जाळ नसतो, मोठ्या जाळाची धग तेवढी आतून येते. तो वैल. आजी त्याच्यावर आमटी, दूध नाहीतर रस्सा सरकवून ठेवायची आणि बाकीच्या कामाला लागायची. म्हणजे हे लीड्सहून साड्यांमध्ये गुंडाळून आणलेलं यंत्र आमच्या आजीकडे फुकटात होतं.

आता कृती. चार माणसांसाठी, आणि माझ्या दोन्ही फजित्यांमधून शिकून सुधारलेली.

लागेल ते असं : एक किलो चिकनचे लेग पीस, कातडी काढलेले पण हाडासकट. दोन मोठे कांदे उभे चिरून. दोन गाजरं. तीन मध्यम बटाटे. दीडशे ग्रॅम मश्रूम. सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून. एक टोमॅटो. दोन मोठे चमचे मैदा, एक छोटा चमचा जाडसर मिरपूड, मीठ, दोन तमालपत्रं, मिळाली तर चिमूटभर वाळलेली थाइम. दोन चमचे तेल, चमचाभर लोणी, एक कप गरम पाणी. शेवटी घालायला मूठभर मटार, पातीचा कांदा आणि अर्धं लिंबू.

बटाटे-गाजरांच्या पेराएवढ्या फोडी करा आणि भांड्याच्या तळाशी घाला. इथे बहुतेकजण चुकतात. स्लो कुकरमध्ये कंदभाज्या मांसापेक्षा उशिरा शिजतात, म्हणून त्या खाली, धगीजवळ. वर मश्रूम. चिकन पुसून कोरडं करा, मैदा-मीठ-मिरपुडीत घोळवा आणि तेल-लोण्यात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत परता. आत कच्चंच राहू दे. हा दहा मिनिटांचा कंटाळा करू नका, कारण स्लो कुकरमध्ये पदार्थ शिजतो, पण खरपूस होत नाही. तो रंग आणि तो वास कढईतच येतो. चिकन भाज्यांवर रचा. त्याच कढईत कांदा, लसूण, टोमॅटो परता, कपभर गरम पाणी घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या आणि भांड्यात ओता. तमालपत्र, थाइम. झाकण. ‘लो’वर सहा तास, किंवा ‘हाय’वर तीन-साडेतीन.

पाणी कमी वाटेल, वाटू दे. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे आटणं हा प्रकारच नाही, उलट चिकन आणि भाज्या आपलं पाणी सोडतात. भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊण भांड्यापेक्षा कमी भरलेलं असावं. शेवटच्या वीस मिनिटांत मटार घाला. वाढताना लिंबू आणि पातीचा कांदा. साय किंवा क्रीम आवडत असेल तर तेही शेवटीच, नाहीतर फाटतं.

हे मऊ का होतं? कोंबडीची तंगडी म्हणजे तिचा कामाचा अवयव. त्यात चिवट तंतू जास्त असतात. उकळीच्या जरा खालच्या आचेवर बराच वेळ ठेवलं की ते तंतू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. रस दाट होतो आणि मांस हाडावरून सुटतं. ब्रेस्टमध्ये असे तंतू फारच थोडे, म्हणून तो नुसताच कोरडा पडतो. माझा शिरा झाला तो त्यामुळे. आणि आपली ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिला सहा तास पुष्कळ झाले. आठ तास घराबाहेर राहणार असाल तर गावरान आणा, ती तेवढा वेळ सहज सोसते.

काही पथ्यं. फ्रीझरमधलं गोठलेलं चिकन थेट घालू नका, आधी फ्रिजमध्ये सुटू द्या. झाकण सारखं उघडून बघू नका, दर वेळी वीसेक मिनिटं वाढतात. मध्ये लाईट किती वेळ गेली हे माहीत नसेल तर हळहळत का होईना, फेकून द्या. उरलेलं चिकन त्यातच पुन्हा गरम करू नका, गॅसवर चांगलं उकळा. आणि राजमा या भांड्यात कच्चा कधीही नको. त्यातला विषारी अंश मंद आचेवर जात नाही. त्याला आपला शिट्टीचा कुकरच बरा.

विजेचं म्हणाल तर माझ्या भांड्यावर २१० वॉट लिहिलंय. सहा तासांचं सव्वा युनिट. हा हिशोब नानांनी केला, मी नाही.

स्लो कुकर नसेल तरी अडत नाही. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं घ्या, खाली तवा ठेवा, गॅस अगदी बारीक, आणि सव्वा तास विसरून जा. पाणी तेवढं अर्धा कप जास्त.

तर त्या बुधवारी दीडला मी भांडं लावलं आणि लॅपटॉपसमोर बसले. बाहेर जुलैचा पाऊस. दोन वाजता कॉल, तीन वाजता कॉल. चारला नाना स्वयंपाकघरात जाऊन झाकणाच्या काचेतून डोकावून आले. पाचला पुन्हा गेले. सहाला चिरंजीव शाळेच्या बसमधून उतरून आले आणि दारातच ओरडले, ‘आज कोण येणारे?’ वासावरून त्याला पाहुणे येणार असं वाटलं! नवराही पावसामुळे त्या दिवशी घरूनच काम करत होता. मावशींना मी सुट्टी दिली होती आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला होता.

आठ वाजता मी कॅलेंडरमध्ये पाऊण तास ब्लॉक केला आणि भांडं उचलून टेबलावर मध्यभागी ठेवलं. सगळे बसले. मीही बसले, कारण उभं राहायला कारणच नव्हतं. चपात्या नव्हत्या, तवा नव्हता, फोडणी नव्हती. हातांना काय करावं ते सुचेना. मी नानांच्या बरोबर समोर बसले होते.

नाना म्हणाले, ‘मला रस्सा दे फक्त.’ मी न ऐकल्यासारखं करून एक तंगडी वाढली. त्यांनी चमचा लावला. मांस आपोआप सुटलं. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. मग मान खाली घालून सगळं संपवलं आणि हाड ताटाच्या कडेला ठेवलं. लख्ख. मी काही न बोलता दुसरी वाढली. तीही संपली.

आणि मग ते पाव खायला लागले. पावाचं वरचं करकरीत कवच त्यांनी बोटांनी सावकाश सोलून बाजूला ठेवलं आणि आतला मऊ भाग रसात बुडवून खाल्ला. एका पावाचं कवच, मग दुसऱ्याचं. अगदी सवयीच्या हाताने. गेले किती महिने ते असंच खात असणार.

‘नाना, दात दुखतायत?’

‘दात कुठायत दुखायला?’ असं म्हणून ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही. मग म्हणाले, ‘खालची कवळी सैल झालीय. हिरड्या सोलवटतात. जेवताना काढून ठेवतो मी.’

‘कधीपासून?’

‘झालं की वर्ष.’

‘मग सांगितलं का नाही?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाटबंधारे खात्याची माहिती द्यावी तसं ते म्हणाले, ‘तू रात्री धा वाजता येतीस. मी नवाला झोपतो. सांगायचं कधी?’

नवरा पाणी आणायला उठला. चिरंजीवांनी विचारलं, कवळी म्हणजे काय, मला दाखवाल का? नानांनी दाखवतो म्हणून कबूल केलं. जेवण पुढे सुरू झालं.

शनिवारी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. त्यामुळे पूर्वी चपखल बसणारी कवळी सैल पडते आणि घासायला लागते. आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते. दोन खेपांचं काम. वर्षभर माणूस दूध-भाकरीवर राहिला, आणि काम दोन खेपांचं! रक्त तपासून झालं होतं, प्रोटीन पावडर आणून झाली होती, पण ‘नाना, तोंड उघडा बघू’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. आठवड्याला नऊ-दहा तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या आम्हा दोघांना त्यांच्यासमोर वीस मिनिटं बसायला वेळ नव्हता.

भांड्याचं कौतुक किती करायचं, यालाही मर्यादा आहे. ते घर एकत्र आणत नाही. उलट त्याला ‘वॉर्म’ नावाचं एक बटण आहे, शिजून झालं की ते जेवण तासन् तास गरम ठेवतं. मनात आणलं तर त्याच्यावर चार काय, सहा बॅच आरामात जेवतील. त्याने फक्त एक केलं. वाढणारीला बसायला लावलं.

सध्याची परिस्थिती अशी : बुधवार आणि रविवार एकच बॅच, आठची. बाकीचे पाच दिवस जैसे थे, खोटं कशाला सांगू? रविवारच्या चपात्या आधीच करून त्या दुसऱ्या, आपल्या ओळखीच्या कॅसरोलमध्ये ठेवायच्या असं ठरलंय. थोड्या गार होतात. चालतं.

स्लो कुकर आता माझ्या ताब्यात नाही. बुधवारी दुपारी तो नानाच लावतात. कवळी बसून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा थाइमची बाटली मागच्या फळीवर सारली आणि लीड्सच्या आजींच्या त्या सौम्य रश्शात दोन चमचे चटणी घातली. आता त्याला इंग्लंडमध्ये कुणी ओळखणार नाही, पण सांगलीत पाहुण्यांना वाढता येईल. गेल्या आठवड्यात त्यांनी मटण लावलं, आठ तास. झाकणाला हात लावायचा नाही असा नियम आम्हाला घालून दिलाय. स्वतः मात्र तासातासाला काचेतून डोकावतात.

पट्टा काल एक भोक मागे आला. दुसरं अजून बाकी आहे.

तर मंडळी, या रविवारी काहीही करा. कॅसरोल करा, खिचडी करा, नाहीतर बाहेरून मागवा. फक्त सगळं आधी टेबलावर आणून ठेवा आणि मग सगळे एकदम बसा. वाढणारीसुद्धा.